कोणी क्लिकच केलं नाही, मग व्हायरस आला कुठून?

प्रश्न भोसरी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपच्या मालकांचा आहे. त्यांच्याकडे सात कॉम्प्युटर आणि दोन सीएनसी (कॉम्प्युटरच्या हुकमावर चालणारी) मशिनं. एका दुपारी जेवणाची सुट्टी संपवून बघतात तर सातही कॉम्प्युटरांवरच्या फायलींची नावं बदललेली. ड्रॉइंग उघडेना, टॅली उघडेना, आणि स्क्रीनवर पैसे मागणारी चिठ्ठी. ते लिहितात, "पोरांना दम देऊन विचारलं. कोणीही कसलीच लिंक क्लिक केलेली नाही. सीएनसीला प्रोग्रॅम पाठवणारा जुना विंडोज एक्सपीचा पीसी आहे, त्याला तर इंटरनेटच नाही, तरी तोही गेला. अँटिव्हायरस पैसे भरून घेतलेला आहे. मग हे आलं कुठून? आणि अँटिव्हायरसवालेच व्हायरस सोडतात म्हणतात, ते खरं का?"

आधी पोरांना दम देणं थांबवा. ती खरं बोलत असण्याची बरीच शक्यता आहे. मी २००२ पासून भोसरी, चाकण, चिंचवड भागातल्या लहान कारखान्यांची नेटवर्कं सांभाळतो. काही झालं की मालक पहिल्यांदा गुन्हेगार शोधतात, आणि तो बहुधा सगळ्यात ज्युनियर पोरगा निघतो. विंडोजचे अपडेट तीन वर्षं बंद करून ठेवणारा माणूस कधी सापडत नाही, कारण तो स्वतः मालक असतो किंवा माझ्यासारखा कोणीतरी कॉम्प्युटरवाला.

व्हायरस आणि वर्म यांत आपण बोलताना फरक करत नाही, पण तुमचं अर्धं उत्तर त्या फरकात आहे. व्हायरस म्हणजे ढेकूण. तो उडत नाही. गादीतून, ट्रंकेतून, पाहुण्याच्या वळकटीतून येतो. कॉम्प्युटरच्या बाबतीत ही वळकटी म्हणजे एखादी फाईल किंवा डिस्क, आणि ती कोणीतरी उघडावी लागते, चालवावी लागते. लाहोरच्या अल्वी बंधूंनी १९८६ साली लिहिलेला 'ब्रेन' फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना पहिल्यांदा वाचतो त्या भागात, बसून गावोगाव फिरला तो असा. त्यांनी त्यात स्वतःचं नाव, पत्ता आणि फोन नंबरसुद्धा घातला होता! वर्म म्हणजे डास. फाटकी जाळी सापडली की आत. तुम्ही जागे आहात की झोपलेले, याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

तेव्हा तुमच्याकडे जाळी कुठे फाटली होती ते बघायला हवं. पण मुळात ती फाटते कशी, हे आधी सांगतो. ते एकदा कळलं की बाकीचं आपोआप लागत जातं.

समजा, तलाठ्याच्या कचेरीत एक नवा कारकून आलाय. सांगितलं तेवढं अचूक करणारा, पण स्वतःचं डोकं शून्य. त्याच्या वहीत नावासाठी वीस चौकोन आखलेले आहेत. लगेच खालच्या ओळीत साहेबांनी लिहून ठेवलंय, 'नाव उतरवून झालं की पान १२ उघड आणि तिथे लिहिलंय ते कर.' लोक अर्ज देतात, कारकून नाव उतरवतो, पान १२ उघडतो, काम पुढे सरकतं. वर्षानुवर्षं सुरळीत. मग एक जण येतो आणि नावाच्या जागी मोजून चाळीस अक्षरं लिहून देतो. वीसपुढे थांबायचं, असं कारकुनाला कोणी सांगितलेलंच नाही. चौकोन संपले तरी तो उतरवत राहतो आणि खालच्या ओळीतल्या साहेबांच्या हुकमावरच गिरवतो. आता तिथे अर्जदाराची अक्षरं आहेत: 'पान ४० उघड.' आणि पान ४० वर अर्जदाराचाच जोडलेला कागद आहे. कारकून पान ४० उघडतो आणि निमूटपणे त्यावरचं करायला लागतो.

याचं नाव बफर ओव्हरफ्लो. कॉम्प्युटरच्या मेमरीत माहिती आणि हुकूम एकाच वहीत लिहिलेले असतात. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने लांबी तपासायची एक ओळ गाळली की बाहेरून आलेली माहिती हुकूम होऊन बसते. सॉफ्टवेअरमध्ये फटी इतरही अनेक तऱ्हांच्या असतात, पण ज्या वर्म्सनी जग हलवलं त्यांतले बरेचसे याच एका फटीतून आले.

पहिला गाजलेला वर्म घ्या. २ नोव्हेंबर १९८८. कॉर्नेल विद्यापीठातला रॉबर्ट मॉरिस हा विद्यार्थी एमआयटीतल्या कॉम्प्युटरवरून एक प्रोग्रॅम सोडतो. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये तेव्हा 'फिंगर' नावाची सेवा असे. कोण लॉग-इन आहे ते दुसऱ्या मशीनला सांगणारी, अगदी निरुपद्रवी. तिने येणाऱ्या विनंतीसाठी ५१२ बाइटची (एक बाइट म्हणजे साधारण एक इंग्रजी अक्षर) जागा ठेवली होती आणि वाचण्यासाठी सी भाषेतलं 'गेट्स' हे फंक्शन वापरलं होतं. लांबी मोजणं हा प्रकार त्या फंक्शनला ठाऊकच नाही. मॉरिसच्या वर्मने तिला ५३६ बाइट पाठवले. वरचे चोवीस बाइट म्हणजे आपल्या गोष्टीतली साहेबांच्या हुकमावर गिरवलेली ओळ. शिवाय मेल पोचवणाऱ्या 'सेंडमेल' प्रोग्रॅममध्ये चालू राहिलेली डीबगची, म्हणजे चुका शोधायची, सोय आणि लोकांचे सोपे पासवर्ड, या वाटा होत्याच.

आणि फजिती मॉरिसचीही झाली. मशीनवर आपली प्रत आधीच असेल तर वर्मने निघून जायचं, अशी सोय त्याने केली होती. पण कोणी खोटंच "आहे" असं उत्तर द्यायला लावलं तर? म्हणून सातातून एकदा उत्तर काहीही येवो, प्रत बसवायचीच, असा नियम घातला. हे प्रमाण भलतंच जास्त निघालं. एकेका मशीनवर प्रतींवर प्रती चढल्या आणि मशिनं गुदमरली. त्या वेळी इंटरनेटवर साधारण ६०,००० कॉम्प्युटर होते, त्यांतले ६,००० बाधित झाल्याचा अंदाज धरला जातो. मॉरिसला तीन वर्षांची प्रोबेशन, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड झाला. या गोंधळानंतरच कार्नेगी मेलन विद्यापीठात सर्ट हे कॉम्प्युटरवरच्या हल्ल्यांसाठीचं पहिलं आपत्कालीन केंद्र उभं राहिलं. तेच काम करणारी आपली सरकारी सर्ट-इन आली २००४ मध्ये. ते 'गेट्स' फंक्शन सी भाषेच्या प्रमाणग्रंथातून काढायला मात्र २०११ साल उजाडलं. तेवीस वर्षं! पुणे महापालिकेला आपण उगाच नावं ठेवतो.

वर्म किती लहान असू शकतो, याची कल्पना सहसा कोणाला नसते. २५ जानेवारी २००३, शनिवार, आपल्याकडे सकाळचे अकरा वाजलेले. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या माहिती साठवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या अशाच ओव्हरफ्लोमधून 'स्लॅमर' सुटला. त्याचा आकार होता ३७६ बाइट. देवनागरीतलं एकेक चिन्ह साठवायला कॉम्प्युटरला तीन बाइट लागतात, म्हणजे मराठीत लिहायला बसलात तर एवढ्या जागेत दोन ओळीही पुऱ्या होत नाहीत. तेवढ्यात त्याचं सगळं शास्त्र होतं: आत शिर, एक आयपी पत्ता (कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा नंबर) मनाला येईल तसा बनव, तिथे स्वतःला पाठव, पुन्हा बनव. उत्तराची वाटही बघायची नाही. यूडीपी या पोच न मागणाऱ्या पद्धतीचं एकच पाकीट, पोस्टकार्डासारखं पेटीत टाकलं की झालं. बाधित मशिनांची संख्या सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांनी दुप्पट होत होती, आणि दहा मिनिटांत जगातल्या असुरक्षित सर्व्हरांपैकी ९० टक्के गेले. आकडा साधारण ७५,०००. तो डिस्कवर काही लिहीतही नव्हता. मशीन बंद करून चालू केलं की साफ, आणि पुन्हा नेटवर्कला जोडलं की काही मिनिटांत परत हजर. अनेकांना तर आपल्याकडे एसक्यूएल सर्व्हर आहे याचाच पत्ता नव्हता, कारण तो दुसऱ्याच कुठल्या तरी सॉफ्टवेअरबरोबर गुपचूप बसला होता.

या फटीचा पॅच, म्हणजे ती बुजवणारी दुरुस्ती, मायक्रोसॉफ्टने जुलै २००२ मध्येच दिला होता. सहा महिने आधी.

इथे जरा थांबतो, कारण या धंद्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे. लोकांना वाटतं, कोणीतरी अचाट बुद्धीचा हॅकर अंधाऱ्या खोलीत बसून कोणालाच माहीत नसलेली फट शोधतो आणि आपल्यावर सोडतो. तसंही होतं. २०१० साली उघडकीस आलेल्या 'स्टक्सनेट' या वर्मने अशा चार कोऱ्या फटी वापरल्या. पण त्याचं लक्ष्य होतं इराणमधल्या नतांझच्या अणुकेंद्रातले सेंट्रिफ्यूज. भोसरीतल्या वर्कशॉपवर कोरी फट खर्च करणं कोणाला परवडत नाही. तुमच्या-माझ्याकडे येतं ते जुनं, जाहीर झालेलं, ज्याचं औषध दुकानात केव्हाच आलेलं आहे असं.

त्यातही एक खोच आहे. फट नेमकी कुठे आहे, हे पुष्कळदा औषधच सांगतं. कंपनी पॅच देते म्हणजे प्रोग्रॅमचा एखादा भाग असलेली जुनी डीएलएल फाईल काढून नवी बसवते. दोन्ही फायली शेजारी ठेवून कुठल्या सूचना बदलल्या ते बघणारी साधनं असतात. जुन्या फायलीत नसलेली लांबीची तपासणी नव्या फायलीत दिसली की समजायचं, फट इथे होती. पुढे तिच्यासाठी हत्यार बनवणं हे थोड्या दिवसांचं काम. म्हणजे पॅच निघाला त्या दिवसापासून शर्यत सुरू होते. एका बाजूला तो बसवणारे, दुसऱ्या बाजूला तो उलगडणारे.

तीन गाजलेल्या वर्म्सच्या तारखा बघा. 'ब्लास्टर'साठीचा पॅच १६ जुलै २००३ चा, वर्म ११ ऑगस्टचा. सव्वीस दिवस. 'सॅसर'चा पॅच १३ एप्रिल २००४ चा, वर्म ३० एप्रिलचा. सतरा दिवस. 'वॉनाक्राय'चा पॅच १४ मार्च २०१७ चा, वर्म १२ मेचा. एकोणसाठ दिवस, म्हणजे यात तर दोन महिने हातात होते.

ब्लास्टर मी आयुष्यभर विसरणार नाही. धंद्यात नवा होतो. चिंचवडच्या एका ऑफिसात नवा पीसी बसवायला गेलो होतो. एक्सपी टाकलं, केबलवाल्याचं इंटरनेट जोडलं, आणि पॅच उतरवायला सुरुवात केली तोच स्क्रीनवर खिडकी: सिस्टिम बंद होत आहे, ६० सेकंद, ५९, ५८... मशीन बंद, परत चालू, परत तेच. मला वाटलं रॅम खराब आहे. रॅम बदलली. मग वाटलं पॉवर सप्लाय. साहेब मागे उभे राहून घड्याळ बघतायत. संध्याकाळी एका मित्राने फोनवर सांगितलं की खिडकी आली की काळ्या स्क्रीनवर शटडाउनच्या पुढे एक डॅश आणि ए टाइप कर, उलटी मोजणी थांबते. आणि पॅच इंटरनेटवरून घेऊच नकोस, दुसरीकडून सीडीवर आण, तो टाकल्याशिवाय वायर लावू नकोस. नव्या कोऱ्या मशीनला औषध आणायला बाहेर पाठवावं आणि दारातच त्याला डास चावावा, असा प्रकार होता. तेव्हा एक्सपीची फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला अडवणारी भिंत, बंद स्थितीतच येत असे. ती मुळातून चालू यायला लागली दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून, ऑगस्ट २००४ मध्ये.

ब्लास्टर आला त्याच ऑगस्टात, २००३ मध्ये, कोणा भल्या माणसाने 'वेल्चिया' नावाचा परोपकारी वर्म सोडला. तो त्याच फटीतून शिरायचा, ब्लास्टर काढायचा आणि पॅच बसवायचा. पण पुढचं मशीन शोधताना 'आहेस का?' विचारणारे इतके पिंग पाठवायचा की अख्खं नेटवर्क बसायचं. नेटवर्कच्या वायरी जिथे जोडतात त्या स्विचवरचे सगळे दिवे लुकलुकायचं सोडून सलग पेटलेले मी पहिल्यांदा तेव्हा पाहिले. नको त्या परोपकाराचं इतकं चांगलं उदाहरण दुसरं मिळायचं नाही.

आता वॉनाक्राय, कारण तुमच्या प्रकाराशी त्याचं नातं आहे. विंडोजमध्ये फोल्डर शेअर करायची जी सोय आहे, तिच्या जुन्या आवृत्तीत, एसएमबी-१ मध्ये, ही फट होती. येणाऱ्या यादीची लांबी ३२ बिटांच्या आकड्यात ठेवलेली असायची. तो आकडा कमी करायची वेळ आली की प्रोग्रॅम त्याचा फक्त खालचा १६ बिटांचा अर्धा बदलायचा, वरचा अर्धा तसाच राहायचा. त्यामुळे कमी व्हायचा तो आकडा उलट मोठा व्हायचा, आणि आखलेल्या जागेपेक्षा जास्त मजकूर आत. पुन्हा आपला कारकून! या फटीचं हत्यार अमेरिकेच्या एनएसए या गुप्तहेर संस्थेकडून चोरीला गेलेलं आहे, असं मायक्रोसॉफ्टनेच तेव्हा जाहीरपणे म्हटलं. शॅडो ब्रोकर्स नावाच्या टोळीने ते १४ एप्रिल २०१७ रोजी उघड्यावर टाकलं आणि चार आठवड्यांत कोणीतरी त्याला खंडणीचा प्रोग्रॅम जोडला. दीडशे देशांत मिळून दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर गेले. मार्कस हचिन्स या ब्रिटिश तरुणाला त्याच्या कोडमध्ये एक विचित्र वेबपत्ता दिसला. त्याने तो स्वतःच्या नावावर नोंदवला आणि वर्मची धाव थांबली, कारण तो पत्ता जिवंत असेल तर गप्प बसायचं असं त्याच्यात लिहिलेलं होतं.

१२ मे हा शुक्रवार होता. बाकी जग शनिवार-रविवार सुट्टीवर गेलं. भोसरीत सुट्टी गुरुवारची, त्यामुळे आपल्याकडे शनिवारी सगळी शेड चालू. मी सकाळी सहापासून एकेका गिऱ्हाइकाला फोन करत होतो, "कॉम्प्युटर चालू करायच्या आधी स्विचची पिन काढा." एकाने ऐकलं नाही, डिस्पॅच अडलं होतं. त्याच्याकडे पोचलो तेव्हा अकाउंट्सचा पीसी लाल पडलेला होता आणि शेजारच्या पीसीवर फायलींची नावं एकेक करून बदलताना डोळ्यांसमोर दिसत होती. मी हाताला येतील त्या वायरी उपटल्या. सातपैकी चार वाचले. पहिल्या पीसीवर कोणी काही क्लिक केलं होतं का? नाही. त्यांच्या राउटरमध्ये कोणीतरी कधीकाळी ४४५ नंबरचं पोर्ट, म्हणजे फोल्डर शेअरिंगचं दार, बाहेरच्या जगासाठी उघडं ठेवलं होतं, घरून ड्रॉइंग बघता यावीत म्हणून. ते 'कोणीतरी' म्हणजे माझ्याच आधीचा कॉम्प्युटरवाला, आणि मी काम घेतल्यावर राउटर तपासला नव्हता. चूक माझीही होती.

आता तुमचा इंटरनेट नसलेला पीसी. इंटरनेट नाही हे ठीक, पण सीएनसीचे प्रोग्रॅम त्याच्यावर येतात कसे? एकतर लॅनवरून (शेडमधल्या आतल्या नेटवर्कवरून), म्हणजे डिझाइनच्या पीसीवरच्या शेअर फोल्डरमधून, नाहीतर पेनड्राईव्हने. बाहेरून एक मशीन पडलं की आतली बाकीची पाडायला इंटरनेट लागत नाही, लॅन पुरते. आणि तुमच्या एक्सपीला तर नियमित अपडेट मिळायचे ८ एप्रिल २०१४ पासून बंद झाले, त्याला केवढा काळ लोटला. वॉनाक्रायच्या वेळी मायक्रोसॉफ्टने अपवाद म्हणून एक्सपीलाही पॅच दिला होता. तो तुमच्याकडे बसलेला असेल असं मला वाटत नाही, कारण मशीन पुरवणाऱ्यांचे लोक सांगून जातात, "विंडोजला हात लावला तर वॉरंटी विसरा." या एका वाक्याने आपल्या पट्ट्यात जेवढी जुनी फट जिवंत ठेवली आहे, तेवढी कुठल्या हॅकरने ठेवली नसेल.

पेनड्राईव्हचंही ऐका. २००८ च्या नोव्हेंबरात आलेला 'कॉनफिकर' वर्म नेटवर्कवरून फिरायचा, आणि नंतरच्या आवृत्तीत सोपे पासवर्ड ओळखायला आणि पेनड्राईव्हवरही बसायला लागला. ड्राईव्ह लावला की विंडोज विचारायची, काय करू? त्या यादीत 'फोल्डर उघडा' असं पिवळ्या फोल्डरच्या चित्रासह लिहिलेला एक पर्याय वर्मने स्वतःच घुसवलेला असायचा. माणूस फोल्डर उघडतोय असं समजून वर्म चालवायचा. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास प्रोजेक्ट रिपोर्टची प्रिंट काढून आलेली पोरं त्या वर्षी हा प्रसाद घरोघरी घेऊन गेली. स्टक्सनेटने तर एवढंही ठेवलं नाही. ड्राईव्हवरचं फोल्डर नुसतं उघडून त्यातलं चित्र स्क्रीनवर दिसलं, एवढं त्याला पुरे होतं. चित्र दाखवणाऱ्या कोडमध्येच फट.

मेमरीच्या या भानगडींवर दरम्यान बरेच उपाय झाले. माहितीच्या पानावरून हुकूम चालवायचाच नाही अशी बंदी आली, वहीतल्या पानांचे नंबर दर वेळी बदलायची युक्ती आली, लांबी आपोआप तपासणाऱ्या भाषा आल्या. त्यामुळे ओव्हरफ्लो वापरणं आता पूर्वीइतकं सोपं नाही. पण माहितीचा हुकूम व्हायचा रोग दुसऱ्या अंगाने उगवतो. डिसेंबर २०२१ मध्ये जावा भाषेतल्या प्रोग्रॅमांत वापरल्या जाणाऱ्या 'लॉग-फोर-जे' या तयार कोडमध्ये सापडलं ते हेच. आलेला मजकूर फक्त नोंदवहीत लिहून ठेवायचा, एवढं त्याचं काम. पण मजकुरात एका ठरावीक खुणेने पत्ता लिहिला असेल तर तो त्या पत्त्यावर जाऊन कोड आणून चालवायचा. अभिप्राय वहीत कोणी लिहावं, 'अमक्याच्या घरून चिठ्ठी आणा आणि तीत लिहिलंय ते करा', आणि शिपायाने खरंच निघावं!

कधी तर फटसुद्धा लागत नाही. २०१६ चा 'मिराय' हा वर्म कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर यांच्यावर कारखान्यातून आलेले साठेक ठरावीक नाव-पासवर्ड लावून बघायचा, बस. तुमच्या शेडवरचे कॅमेरे तापकीर गल्लीतून आणलेत ना? पासवर्ड बदललाय का?

अँटिव्हायरसचं एवढंच सांगतो. कंपन्याच व्हायरस सोडतात ही गोष्ट मी पहिल्या दिवसापासून ऐकतोय. त्यांना तसं करायची गरजच नाही, माल फुकटात आणि वाटेल तेवढा मिळतो. आपल्या पुण्यातच कैलाश आणि संजय काटकर या भावांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानातून क्विक हील उभी केली, ती दुरुस्तीला येणाऱ्या कॉम्प्युटरांत व्हायरस सापडत होते म्हणूनच. पण अँटिव्हायरस म्हणजे कवचकुंडलं, असं समजू नका. दिलेला कुठलाही प्रोग्रॅम व्हायरस आहे की नाही हे दर वेळी अचूक सांगणारा प्रोग्रॅम असूच शकत नाही, हे फ्रेड कोहेन यांनी १९८० च्या दशकातच गणिताने दाखवून दिलंय. शिवाय एसएमबीच्या फटीतून आलेला वर्म थेट विंडोजच्या गाभ्यात उतरतो. वॉचमन गेटवर आणि चोर देवघरात, अशी गत.

आता तुमच्याकडे काय झालं असावं, याबद्दल माझं मत. सातही कॉम्प्युटर एकाच दुपारी गेले यावरून वर्म वाटतो, पण आजकाल मी आणखी एक प्रकार जास्त बघतो. बाहेरून उघड्या ठेवलेल्या रिमोट डेस्कटॉपमधून (दूर बसून पीसी चालवायच्या सोयीतून) माणूस आत येतो, काही दिवस शांतपणे फिरतो, पासवर्ड गोळा करतो, बॅकअप कुठे आहे ते बघतो, आणि एका दुपारी सगळीकडे एकदम कुलूप घालतो. तुमच्या अकाउंटंटबाई घरून टॅली बघतात का, हे मला आधी सांगा. 'हो' असेल तर तपास तिथून सुरू करू.

सध्या एकही मशीन फॉरमॅट करू नका. लॅनच्या वायरी काढून ठेवा. चिठ्ठीचा आणि बदललेल्या नावांचा मोबाईलवर फोटो घ्या, आणि प्रत्येक पीसीवर पहिली फाईल किती वाजता बदलली ते कागदावर लिहा. ज्याची वेळ सगळ्यात आधीची, तिथून आग पसरली असं धरून चालायचं. पैसे भरायच्या आधी 'नो मोअर रॅन्सम' या साइटवर तुमच्या प्रकाराची किल्ली फुकट मिळते का बघू, काहींची मिळते. आणि सर्ट-इनला कळवा. एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचं असतं. ती मुदत गेली असली तरी कळवाच.

पुन्हा उभं करताना एक्सपीच्या पीसीला बाकीच्या लॅनपासून वेगळं करू, मध्ये फक्त एकच फोल्डर ये-जा करेल एवढी वाट ठेवून. बाकी मशिनांवर एसएमबी-१ बंद. बॅकअपची एक डिस्क अशी, की जी कॉपी झाल्यावर वायर काढून कपाटात जाते. आणि अपडेट. मायक्रोसॉफ्टचे पॅच दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात, आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते. बुधवारी एका पीसीवर बसवून टॅली आणि कॅड नीट चालतंय का बघायचं, आणि गुरुवारी शेड बंद असते तेव्हा बाकीच्यांवर. त्यासाठी एका माणसाला गुरुवारी दोन तास यावं लागेल, त्याचा ओव्हरटाइम धरून ठेवा.